सराट्यांच्या मैदानावरची परेड

२५ जानेवारी. दुपारचं जेवण उरकून तुरीच्या शेंगा सोलायला बसले आहे. उद्या झेंडावंदनानंतर शाळेतल्या पोरांना सोलेभात द्यायचा असतो. तो आमच्या घरून जातो, आणि सोले काही आपोआप शेंगेतून बाहेर येत नाहीत. आई समोर बाजेवर बसून मला मदत करते आहे असं तिला वाटतं. तिच्या हातून टोपल्यात सोल्यांपेक्षा टरफलंच जास्त पडतात, ती मी तिच्या नकळत वेचून काढते. मध्येच उठून समोरच्या खोलीत जावं लागतं, तिथं माझं कृषी केंद्र आहे. मघाशी फवारणीच्या पंपाचा वॉशर न्यायला गावातला एक पोरगा आला होता. हातात मोबाईल, मोबाईलवर कुठल्यातरी परेडचा व्हिडिओ.

“काकू,” तो म्हणाला, “या देशाले ना मिलिटरीच पाहिजे. एकानं सांगायचं, बाकीच्यायनं ऐकायचं. बस. सारं सुधरते.”

“तू गेलता का भरतीले?”

“गेलतो न. गुडघे भिडतात म्हने माहे. वापस पाठोलं.”

“मंग आतमंधी कसं चालते ते तुले कोनं सांगतलं?”

“त्यात सांगाचं काय? सगळ्यायले माहीत आहे.”

वॉशर देऊन त्याला वाटेला लावलं. हे ‘सगळ्यायले माहीत आहे’ मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. सांगणारे बदलले, वाक्य तेच. गंमत अशी की ज्यानं आपली तरुणपणाची सगळी वर्षं त्या वर्दीत काढली, त्या माझ्या बापाला मात्र हे कधी माहीत नव्हतं. म्हणून माझ्या वाटच्या शेंगा सोलून झाल्या की हे एकदा लिहून टाकायचं ठरवलं, आणि आता लिहिते आहे. आईचं सोलणं अजून चालू आहे.

आमचं गाव पुलगावपासून सायकलच्या टप्प्यात. तिथल्या लष्कराच्या डेपोच्या हिरव्या गाड्या सडकेनं गेल्या की आम्ही पोरं रांगेत उभी राहून सॅल्यूट ठोकायचो आणि एखादा ड्रायव्हर हात हलवायचा, तेवढ्यावर आमचा दिवस जायचा. बाबाही तसेच कुठंतरी गाडीत असणार असं मला वाटायचं, आणि ते खरंही होतं. बाबा गाड्यांच्या पलटणीत होते. डोंगरातल्या रस्त्यांवरून वरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल, टपाल पोचवायचं काम. हवालदार होऊन ते कायमचे घरी आले तेव्हा मी नुकतीच नववीत गेले होते. त्याआधी बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारी काळी पेटी आणि त्या पेटीचा वास. आता माणूसच आला, आणि घराला कळेना की याला ठेवायचं कुठं. पहाटे बुटावर ब्रश घासल्याचा आवाज, त्यामागून रेल्वेची लांब शिट्टी, मग आईनं चुलीत काड्या मोडून घातल्याचा आवाज, या क्रमानं आमचा दिवस सुरू होऊ लागला. शेतात जायला बूट कोण पॉलिश करतं? बाबा करायचे. संध्याकाळी ते चिखलानं माखून यायचे आणि सकाळी पुन्हा चमकायचे. आई म्हणायची, कापसाच्या झाडांना तुमचं तोंड पाहायचं आहे का त्यात.

पहिला खटका उडाला तो जेवणावरून. आमच्याकडे बाई शेवटी जेवते, हे कोणाला शिकवावं लागत नाही. बाबांच्या पलटणीतला रिवाज असा, की लंगरात आधी जवान जेवणार, मग त्यांच्या वरचे, आणि साहेब सगळ्यांच्या शेवटी. साहेबानं आधी ताट उचललं तर त्याची इज्जत गेली. झालं. मी आणि आमचे सालदार शंकरकाका जेवून उठायचो, आणि आई-बाबा वांग्याच्या भाजीवर पहारा देत बसायचे. “तुमी जेवल्याबिगर मी कशी जेवू?” आई म्हणायची. “तुमी सगळे जेवल्याबिगर मी कसा जेवू?” बाबा म्हणायचे. भाकरी कडक होऊन जायच्या. शेवटी एक दिवस आईनं परात आपटली. “मंग तुमच्या कायद्यानं या घरचा साहेब मीच होये. लगन झाल्यापासून सगळ्याच्या मांगून जेवून राह्यली. एकानं सलाम नाई ठोकला आजलोक.”

बाबा उठले, टाचा जुळवल्या आणि चुलीपुढे बसलेल्या आईला कडक सॅल्यूट ठोकला. आई लाजली वगैरे नाही. “बसा आता, भाजी थंडी होऊन राह्यली,” म्हणाली. त्या दिवसापासून दोघं एकदम ताट वाढून घेऊ लागले. (हे आत्ता आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सलाम एकदाच ठोकला, ते पण लिव.)

दुसरी गोष्ट त्यांनी पेटीतून काढली ती दरबार. नावावरून वाटतं तसं त्यात सिंहासन नसतं. पलटणीत मोठा साहेब अधूनमधून सगळ्या जवानांना समोर बसवतो. कोणीही उठायचं आणि तक्रार सांगायची: डाळ पातळ आहे, सुट्टी अडली आहे, वरचा शिव्या देतो. साहेबानं तिथंच उत्तर द्यायचं. बाबांनी तो घरात सुरू केला. महिन्यातला एक रविवार, अंगणातल्या लिंबाखाली, बाबा खुर्चीवर आणि आम्ही सतरंजीवर. नियम दोनच. बोलणाऱ्यावर नंतर राग धरायचा नाही, आणि ‘पाहू’ हे उत्तर चालणार नाही. हो किंवा नाही, आणि का. कोणाला फारच निकड असेल तर त्यानं रविवारची वाट न पाहता दरबार मागायचा. पहिल्या दरबारात शंकरकाका अंग चोरत उठले. “मालक, तुमी मले पहाटे शिट्टी वाजवून उठोता. मी काही बैल नाई. आन् बैलाले बी आपन शिट्टी नाई वाजवत.”

“मंजूर,” बाबा म्हणाले. “शिट्टी बंद.” आणि शिट्टी पेटीत गेली.

हे पाहायला मोठेबाबा हजर होते, आणि त्यांचा चेहरा मी विसरले नाही. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घराला लागून त्यांचं किराण्याचं दुकान, आणि शाळा समितीचे अध्यक्षही तेच. माणूस मनानं वाईट नव्हता. धाकट्या भावाचा त्यांना फार अभिमान होता. फक्त भाऊ त्यांच्या मनातल्या फौजीसारखा असता तर तो अभिमान त्यांना जास्त सोयीचा पडला असता. “हे कसली मिलिटरी?” ते म्हणाले. “नोकर मालकाले जाब इचारते! तेथं तं ‘यस सर’ म्हंतात आन् बंदूक उचलतात.”

“म्हंतात न, दादा. दरबारात आयकून घेतलं असन, तं ‘यस सर’ मनापासून निंघते.”

मोठेबाबांच्या दुकानासमोर एक बाक होता. संध्याकाळी बाबा तिथं गेले की लोक सरकून जागा द्यायचे. “या मेजर, या!” “हवालदार,” बाबा सांगायचे, पण गावाला मेजरच हवा होता. पहिला प्रश्न ठरलेला: किती मारले? बाबा म्हणायचे, “मारले किती ते नाई माहीत. पोचोले किती ते सांगू? पीठ, तेल, चिठ्ठ्या, एक डाव तं बाळंतीण बाई पोचोली.” बाक हिरमुसायचा. मग कोणीतरी देशाची स्थिती काढायचं, आणि मोठेबाबा तराजूतून मान वर करून निकाल द्यायचे, की हे सगळे पोट्टे सुधरायला एकच औषध आहे, दंडा आणि हुकूम. बाकावरचे सगळे माना डोलवायचे. सैन्यात काय असतं ते त्या बाकावर एकट्या बाबांनाच ठाऊक होतं, आणि मान न डोलवणारेही ते एकटेच असायचे.

दिवाळीनंतर मुख्याध्यापक आमच्या घरी आले. सर बाहेरगावचे, बोलणं पुस्तकी, स्वभाव घाबरट. “हवालदारसाहेब, यंदा सव्वीस जानेवारीची परेड तुम्ही बसवा. मुलांना जरा मिलिटरीचा हिसका दाखवा.” बाबा हो म्हणाले. हिसक्याचं काही बोलले नाहीत. रोज शाळा सुटल्यावर ते मैदानात यायचे, पॉलिश केलेल्या बुटांत. आम्ही आठवी ते दहावीची पोरं-पोरी. पहिले काही दिवस त्यांनी कवायत घेतलीच नाही. प्रत्येकाचं नाव विचारलं, सकाळी काय खाल्लं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारली. मग रोज एकाला टुकडी चालवायला द्यायचे आणि स्वतः बाजूला उभे राहून पाहायचे. कमांडर कोण होणार हे मात्र सगळ्या शाळेनं आधीच ठरवलं होतं. मोठेबाबांचा अरुण. दहावीत, उंच, आवाज मालगाडीच्या भोंग्यासारखा, आणि पायात नवे पांढरे बूट. ते बूट मोठेबाबांनी परेडसाठी खास वर्ध्याहून आणले होते. बाकीच्यांत थोड्यांच्या पायात कॅनव्हासचे जुने बूट, मीही त्यातलीच; उरलेली पोरं अनवाणी.

मैदानाच्या एका अंगाला सराटे होते. ज्याच्या पायात सराटा कधी गेला नाही त्यानं त्याला साधा काटा समजू नये. वाळलेला सराटा जमिनीवर कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. एके दिवशी टुकडी अरुणकडे होती. त्यानं ‘तेज चल’ दिलं आणि आम्ही निघालो ते सरळ त्याच दिशेनं. सराट्यांच्या अलीकडे वळवायला हवं होतं. तो आपल्याच आवाजाच्या नादात होता. पुढच्या रांगेनं पाय उचलायला सुरुवात केली. माझ्या शेजारी वनिता होती, अनवाणी. तिनं ओठ दाबून धरले होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात बरोबर खांद्याइतके वर येत होते. कोणी थांबेना, कारण हुकूम चालायचा होता. माझ्या पायात बूट होते. मला काही टोचत नव्हतं. मला राग आला, एवढंच. मी रांगेतूनच ओरडले, “टुकडी, थम!”

टुकडी थांबली. कोणाच्या हुकमानं थांबली ते त्यांना थांबल्यावर कळलं.

बाबा आले. आधी खाली बसून त्यांनी पोरांच्या पायांतले सराटे काढायला घेतले, अरुणलाही बसवलं. ते झाल्यावर विचारलं, “रांगेतून कोन बोललं?”

“मी.”

“रांगेतून हुकूम देता येत नाई. मैदानाले चक्कर मार.”

मी धावले. अख्खी शाळा पाहत होती आणि अरुण हसत होता. धापा टाकत परत आले तर बाबा म्हणाले, “उद्यापासून टुकडीची कमांडर हे. कोई शक?”

“मंग मले पळोलं कायले?” मी विचारलं.

“रांग मोडली म्हून पळोलं. रांग वाचोली म्हून कमांडर. दोन्ही बाता अलग आहेत.”

त्या संध्याकाळी बाकावर दुसरा विषय नव्हता. “काट्यावरून चालोल्याबिगर कधी फौज झाली का?” मोठेबाबा साखर मोजता मोजता म्हणाले. “हुकूम म्हंजे हुकूम. अरुणनं चालोलं, चाला लागते. पाय रक्तानं भरले तरी चाला लागते. ते खरी मिलिटरी.”

“दादा, पल्याड काही असन तं काट्यावरूनच काय, आगीतून बी नेतो,” बाबा म्हणाले. “तेथं पल्याड काय होतं? शाळेची मुतारी.”

बाक हसला. मोठेबाबा हसले नाहीत, आणि तिथंच ते प्रकरण बिनसलं. लोक काय म्हणत होते ते सगळं आमच्या कानावर येत होतं. पोरीच्या हुकमावर पोट्टे चालणार म्हणजे गावाची शोभा. त्याचं बाबांना काही वाटलं नसतं. पण दुसरंही म्हणत होते: मेजरनं आपल्याच पोरीला पुढे काढलं. हे त्यांना लागलं. पलटणीत कोणी आपल्या माणसाला पुढे सारलं तर त्याचं नाव ते आयुष्यभर घेत नसत. मुख्याध्यापक एकदा येऊन चाचरत बोलून गेले, “लोकांच्या भावना आहेत, साहेब.” २४ तारखेला सराव संपल्यावर बाबांनी टुकडीसमोर सांगितलं, “परेड अरुण घेईल. तू मागच्या रांगेत.” माझ्याकडे न पाहता सांगितलं, कारणही दिलं नाही.

शाळेच्या परेडचं एवढं काय, असं आज कोणालाही वाटेल. मला ती जागा हवी होती. आमच्या गावात पोरीला पुढे उभं राहायला तेवढी एकच जागा होती, ती मी अख्ख्या शाळेसमोर चक्कर मारून मिळवली होती, आणि ती माझ्या बापानं लोकांच्या बोलण्याला भिऊन काढून घेतली होती. घरी येऊन मी बूट कोपऱ्यात फेकले आणि तोंड फिरवून बसले. आई मेथी निवडत होती. तिनं एक नजर बुटांकडे टाकली.

“तोंड फुगवून काय होते?” ती म्हणाली. “दरबार मांग.”

२५ तारखेला सकाळीच मी तो मागितला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “हव,” म्हणाले, “संध्याकाळी.” दिवेलागणीच्या सुमाराला लिंबाखाली सतरंजी पडली. उद्याच्या कार्यक्रमाचं ठरवायला नेमके मोठेबाबा, अरुण आणि मुख्याध्यापक आले. बाबा त्यांना म्हणाले, “आले तं बसा. पहिले हे होऊ द्या.” शंकरकाका आले, आई पदराला हात पुसत आली. मी उठून सावधान उभी राहिले.

“माही तक्रार तुमच्यावर आहे, बाबा.”

“बोल.”

“मले कमांडर काऊन केलं होतं?”

“टुकडी वाचोली म्हून.”

“तुमची पोरगी आहो म्हून नाई?”

“नाई.”

“मंग मले काढलं काऊन?”

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. “बाळ, हे मोठ्यांचे निर्णय असतात...”

“सर, दरबारात मधात बोलता येत नाई,” शंकरकाका म्हणाले. शिट्टी बंद झाल्यापासून त्यांचा दरबारावर फार विश्वास बसला होता.

मी पुढे म्हणाले, “मी दुसऱ्याची पोरगी असती, वनिताच्या बापाची असती, तं काढलं असतं का? पोरगी आहो म्हून देनं वाईट, तं पोरगी आहो म्हून काढून घेनं बी तेच न? सांगा. ‘पाहू’ चालत नाई.”

“अरे काय चाललं हे?” मोठेबाबा उठलेच. “फौजीच्या घरात पोट्टी बापाले उलटून बोलते! सारं गाव हसन. तुह्या साहेबापुढं असं बोलला असता तू?”

“दादा, बसा. दरबार सुरू आहे.” बाबांचा आवाज चढला नव्हता, पण मोठेबाबा बसले. थोरल्या भावाला त्यांनी बस म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“साहेबापुढं मी बोललो होतो,” बाबा म्हणाले. “सांगतो. वरच्या चौकीले गाड्या न्यायच्या होत्या. रात्रभर बरफ पडला होता. मी नाईक होतो, पुढची गाडी माही. म्या म्हनलं, साब, रस्ता नाई आज. त्यायनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. मंग माह्या बाजूले येऊन बसले, गाडीत. म्हने चल, दाखव. मोडावर उतरले, सोता पायी गेले, वापस आले, आन् गाड्या थांबोल्या. वरून त्यायले बोलनी बसली. दोन रोजानं आमी गेलो. सगळ्या गाड्या पोचल्या. मंग दुसरे साहेब आले. त्यायच्यापुढं कोनी बोलत नव्हतं. आवाज लय मोठा होता त्यायचा. तवाच्या दोन गाड्या अजून त्या दरीत आहेत.”

सैन्यातली म्हणून बाबांनी सांगितलेली एवढी एकच गोष्ट. गाव त्यांना जन्मभर जे विचारत होतं ते त्यात नव्हतं.

अरुण दाराशी उभा होता, तो अचानक म्हणाला, “काका, मले ते सराटे दिसलेच नाई.”

“माहीत आहे बेटा. पांढऱ्या बुटातून नाई दिसत ते.” मग बाबा माझ्याकडे वळले. “दुसऱ्याची पोरगी असती तं नसतं काढलं. लोकायच्या बोलन्याले भ्यालो. चूक माही आहे. परेड तू घेशीन. कोई शक?”

“साहेब कधी आपली चूक कबूल करते का?” मोठेबाबा हताश होऊन मुख्याध्यापकांना म्हणाले.

“चांगला असन तं करते,” आई म्हणाली. “चला, भाकरी टाकतो. सगळे एकदमच बसा.”

मोठेबाबा त्या दिवशी आमच्याकडे जेवले नाहीत. पुढची हकीकत इथंच सांगून टाकते, कारण नंतर सांगायला जागा नाही. अरुण बारावीनंतर खरोखरच भरती झाला. मी नाही गेले. मी खतं-बियाणं विकते आणि त्यात समाधानी आहे. अरुण पलटणीत गेल्यावर दुकानाच्या बाकावर मोठेबाबांनी ‘काट्यावरून चालवा’ हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. चिठ्ठी आली की आधी विचारायचे, साहेब कसा आहे, पोरांचं ऐकतो का. आपला पोरगा रांगेत उभा राहिला की माणसाला काटे दिसायला लागतात. ज्यांचे पोरगे रांगेत नाहीत ते मोबाईलवर परेडा पाहतात आणि मला सांगतात देशाला काय पाहिजे. मी त्यांना वॉशर देते.

दरबाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट उजाडायच्या आत, मी खराटा आणि खुरपं घेऊन मैदानात गेले. परेड जिथून जाणार होती तो सगळा पट्टा झाडून काढला, सराट्यांचे वाळके वेल खुरप्यानं खरवडून कुंपणापलीकडे फेकले. तरी मला माहीत होतं, सराटा संपत नाही, एखादा राहतोच. टुकडी जमली. गणवेश सगळ्यांचे धुतलेले, वनितानं वेण्यांना नव्या फिती लावलेल्या. पायांत मात्र पुन्हा तेच: थोड्यांचे बूट, बाकी अनवाणी, आणि अरुणचे पांढरे. अरुण मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता, मी न सांगता. मी टुकडीच्या समोर गेले, खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून झेंड्याच्या कट्ट्याखाली ठेवले. मग टुकडीला सांगितलं, “ज्यायच्या पायात बूट आहेत त्यायनं काढा.”

एकेकानं काढले. अरुणनं समोर खुर्चीवर बसलेल्या आपल्या बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाकून नाड्या सोडायला लागला.

मुख्याध्यापक धावत आले. “अगं, हे काय चालवलंयस? पाहुणे आलेत! बूट घाला म्हणावं त्यांना!”

“टुकडी एकसारखी दिसली पाहिजे, सर. सगळ्यायले बूट नाई, तं कोनालेच नाई.” मोठेबाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. बाबा पाहायला आलेल्यांच्या शेवटच्या रांगेत, शंकरकाकांच्या बाजूला उभे होते. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते आणि एक पाऊलही पुढे टाकलं नाही. मी सरांना विचारलं, “कोई शक?”

सर बाजूला झाले. मी वळले, टाचा जुळवल्या. जमीन गार होती, आणि डाव्या पायाखाली एक सराटा राहिलाच होता. त्याच्यावर तशीच उभी राहून मी हुकूम दिला.